फळा पुसता पुसता

पहिलीच्या मुलांना शिकवायचं तर डी.एड. लागतं, टीईटी द्यावी लागते. नववी-दहावीला बी.एड. हवं. बी.ए.च्या वर्गासमोर उभं राहायचं असेल तर मात्र एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, एवढं पुरतं. शिकवायचं कसं हे तुम्हाला कुणी दाखवलंय का, असं कुणी विचारत नाही. नाही म्हणायला नेट-सेटच्या पहिल्या पेपरात ‘अध्यापन अभियोग्यता’ नावाचा एक घटक असतो. ५० प्रश्नांतले पाचेक त्याच्यावर. चार पर्याय, एकाला गोल करायचा. चांगल्या शिक्षकाचा सर्वांत महत्त्वाचा गुण कोणता, अशा छापाचे प्रश्न. तास ४८ मिनिटांचा असतो, आपल्याजवळचं सगळं पंचविसाव्या मिनिटाला संपतं आणि उरलेला वेळ वर्गभर पोरं आपल्याकडे बघत बसतात, तेव्हा काय करायचं, हे त्या पर्यायांत कुठेही नव्हतं.

मी अर्थशास्त्र शिकवते. कॉलेज नाशिक जिल्ह्यातल्या कांदापट्ट्यातलं, तालुक्याच्या गावचं. २०२२ पासून तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे सगळे ‘सीएचबी’ म्हणतात ते. सत्र संपलं की नेमणूक संपते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. स्टाफरूममध्ये आपल्या नावाचं कपाट नसतं, त्यामुळे पुस्तकं, डबा, हजेरीपत्रक सगळं खांद्यावरच्या पिशवीत. मस्टरवर आमची पानं वेगळी. हे सांगायचं कारण एवढंच की वर्गाबाहेर ज्याला पाय टेकायला जागा नाही, त्याने वर्गात ठामपणे उभं राहायचं असतं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत सांगतात तसा आरशासमोर बोलण्याचा सराव इथे काही कामाचा नाही. आरसा ‘मॅडम, हे परीक्षेला येतं का?’ असं विचारत नाही.

पहिल्या सत्रात माझा आधार म्हणजे डिक्टेशन. पोरंच मागायची: ‘मॅडम, नोट्स द्या ना.’ डिक्टेशनइतकी दोन्ही बाजूंना सोयीची गोष्ट दुसरी नाही. त्यांच्या माना खाली, वह्यांत. आपली नजर कागदावर. कुणी कुणाकडे बघायचं काम नाही. पोर्शन भराभर सरकतो, प्राचार्यांना वर्ग शांत दिसतो. पण घरी जाताना जाणवायचं की आज माझ्याऐवजी एखादा टेपरेकॉर्डर ठेवला असता तरी चाललं असतं.

सल्ले भरपूर मिळाले. ‘पहिला महिनाभर हसायचं नाही.’ ‘दरारा पाहिजे, नाहीतर डोक्यावर बसतात.’ ‘मागच्या भिंतीकडे बघून बोला, भीती वाटत नाही.’ हा शेवटचा सल्ला देणाऱ्याने आमच्या वर्गाची मागची भिंत पाहिलेली नसावी. तिथे खिडकी आहे आणि खिडकीबाहेर पार्किंग, जिथे वर्गातली निम्मी पोरं गाडीवर बसलेली असतात. दराऱ्याचंही तसंच. सीएचबीच्या मॅडम पुढच्या वर्षी असतील की नाही, हे पोरांना आपल्याआधी कळलेलं असतं.

कामाला आला तो सल्ला नव्हताच. आमच्या विभागप्रमुखांना मी एकदा विचारलं, ‘सर, तुमच्या तासाला मागे बसू का?’ सर म्हणाले, ‘बसा की.’ बस. पुढे काही आठवडे मी त्यांच्या एसवायच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत राहिले.

सर काही फर्डे वक्ते नाहीत. आवाज बारीक, विनोद ठरलेले, तेही पोरांना पाठ. मी वहीत काय टिपून घ्यायचं ते शोधत होते आणि पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला दिसलं. सर प्रश्न विचारायचे आणि लगेच पाठ फिरवून फळा पुसायला लागायचे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, सावकाश, एक-एक पट्टा. डस्टर टेबलाच्या कडेवर आपटायचे, खडूची भुकटी खाली पडू द्यायचे, पुन्हा पुढचा पट्टा. एवढ्या वेळात मागे कुजबुज सुरू व्हायची. कुणीतरी शेजारच्याला उत्तर सांगायचं, शेजारचा म्हणायचा ‘सांग ना मोठ्याने’, आणि फळा उजव्या टोकाला पोचेपर्यंत दोन-तीन उत्तरं आलेली असायची. सर वळायचे ते ‘कोण म्हणालं ते?’ असं विचारत.

मी प्रश्न विचारायचे तेव्हा उत्तर यायच्या आत स्वतःच देऊन टाकायचे. शांतता मला सोसत नव्हती. पोरांना मात्र विचार करायला ती लागते, आणि मास्तर रोखून बघत असताना कुणाला काही सुचत नाही. पाठ फिरवली की दोन्ही साधतं. नंतर स्टाफरूममध्ये मी सरांना म्हटलं, ‘सर, तुम्ही मुद्दाम फळा पुसता ना?’ सर चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, ‘नाही हो मॅडम, आधीच्या तासाचं केमिस्ट्री तसंच असतं फळ्यावर.’ मला अजून ठरवता आलेलं नाही की ते खरं सांगत होते की थट्टा करत होते.

आत्मविश्वास म्हणून जे म्हणतात, ते मला असं वस्तूंमधून मिळत गेलं. डस्टर ही पहिली वस्तू. खडू दुसरी: मागणीची आकृती पोरांसमोर, बोलत बोलत काढायची, आधी काढून ठेवली तर ते फक्त चित्र राहतं. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की आवाज चढवायचा नाही. घसा जातो आणि कुणाला ऐकूही येत नाही. अशा वेळी फळ्यावर एक उदाहरण लिहायचं, जोड्या पाडायच्या आणि सोडवायला द्यायचं. वीस पानी नोट्सच्या जागी अर्धं पान आलं, त्यावर मुद्दे कमी आणि विचारायचे प्रश्न जास्त. हजेरी तासाच्या शेवटी, नावाने. नंबराने हजेरी घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, शंभरची पटसंख्या असली की दुसरं काय करणार. पण नावाने घेतली की दिवाळीपर्यंत चेहरे पाठ होतात, आणि ‘मागचा निळा शर्ट’ला प्रश्न विचारणं आणि माणसाला विचारणं यात फरक पडतो.

पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र चालू होतं तेव्हा, १७ मार्च २०२३ पासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. एफवायला मागणीची लवचिकता शिकवायची होती. पुस्तकातलं उदाहरण मीठ आणि चैनीच्या वस्तू यांचं. मी विचारलं, तिकीट निम्मं झाल्यावर तुमच्या घरातल्या कुणाचा प्रवास वाढला? आणि डस्टर उचललं. पहिलं उत्तर आलं ते असं: ‘मॅडम, आई आता दर आठवड्याला मामाकडे जाती.’ दुसरी म्हणाली, तिच्या घरी काहीच फरक पडला नाही, कारण तिच्या गावाला एसटी दिवसातून दोनदाच येते. स्वस्त करून काय उपयोग? पहिलीच्या आईची मागणी लवचिक, आणि दुसरीकडे अडचण मागणीची नव्हतीच, पुरवठ्याची होती. पुस्तकात हा दुसरा मुद्दा त्या प्रकरणात येतच नाही.

मग आला पुढच्या शैक्षणिक वर्षाचा ऑगस्ट. शनिवारी, १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. सोमवारी निषेध म्हणून जिल्ह्यात लिलाव बंद. लासलगावचा बाजार थांबला की आमच्याकडचं सगळं थांबतं. एरवी सोमवारी टीवायचा वर्ग निम्मा रिकामा असतो, कारण पोरं ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेलेली असतात. त्या दिवशी मार्केटच बंद, म्हणून वर्ग भरलेला. आणि माझा विषय होता सार्वजनिक आयव्यय. त्यातही कराचा भार शेवटी कोणावर पडतो, हाच मुद्दा चालू होता. योगायोग म्हणतात तो असा.

मी विचारलं, ‘हे ४० टक्के कोण भरणार?’

गाईड पाठ असलेल्या एकाने लगेच सांगितलं, निर्यातदार. मी ‘हं’ म्हटलं आणि फळ्याकडे वळले. मधल्या ओळीपर्यंत पोचले असेन, मागून आवाज आला, ‘कागदावर व्यापारी भरंन. जाईन आमच्याच भावातून.’ त्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी खरेदीचा व्यवसाय आहे, ती उसळली. ‘पप्पा काय करतील मग? ज्यांचे सौदे आधीच झालेत त्यांचा माल बंदरात अडकलाय, तो तोटा कोण देणार?’ आता दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. मी डस्टर खाली ठेवलं.

पहिल्या मुलाने मोबाईलमध्ये जुन्या विक्रीची हिशोबपट्टी दाखवली. आमच्याकडे अशा पट्ट्यांचे फोटो पोरांच्या मोबाईलमध्ये असतातच, वडिलांना हिशोब वाचून दाखवायचा असतो. चुरगळलेली, कोपऱ्यावर हिरव्या शाईची सही. मी ती फळ्यावर उतरवली: वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम. ‘यात शुल्काची ओळ कुठे आहे?’ कुठेच नाही. ‘मग तुमच्याकडून कसं जाणार?’ ‘भावाच्या ओळीत, मॅडम,’ तो म्हणाला, ‘बोलीच कमी लागंन.’

व्यापाऱ्याने हे शुल्क मलेशियातल्या किंवा बांगलादेशातल्या गिऱ्हाइकावर का ढकलू नये, असं मी विचारलं. ‘ते पाकिस्तानचा घेतील.’ बरं, मग शेतकऱ्याने माल थांबवावा, भाव येईपर्यंत विकू नये. यावर सगळा वर्ग हसला. एप्रिलमध्ये चाळीत भरलेला उन्हाळ कांदा, ऑगस्टचा दमटपणा. वजन घटतंय, खालचा थर सडतोय, कोंब फुटतायत. थांबणार कुठवर? मी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. परदेशी गिऱ्हाइकाची मागणी आडवी, कारण त्याला दुसरं दुकान आहे. चाळीतल्या कांद्याचा पुरवठा जवळजवळ उभा, कारण त्याला थांबता येत नाही. कर कायद्याने कोणावरही लावा, ज्याला बाजूला सरकता येत नाही त्याच्यावर तो जाऊन बसतो. पुस्तकात यावर चार पानं आहेत. पोरांना ती चारही पानं येत होती, फक्त आकृती माहीत नव्हती.

तेवढ्यात कडेच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमच्यात कांदा विकतच आणावा लागतो. स्वस्त झाला तर आम्हाला बरंच ना.’ थोडा हशा झाला. तिची आई कांदे काढणीला, खुरपणीला जाते, हे मला माहीत होतं. मी फळ्यावर तिसरा रकाना पाडला, ग्राहक, आणि तिलाच विचारलं की भाव पडले तर पुढच्या हंगामात आईच्या मजुरीचं काय होईल. ती विचारात पडली. उत्तर तिने दुसऱ्या दिवशी दिलं, आईला विचारून आली होती: मजुरीचा दर कमी होत नाही, कामाचे दिवस कमी होतात. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ज्यावर शोधनिबंध लिहितात, ते तिची आई एका वाक्यात सांगून मोकळी झाली. त्या सोमवारी, ती विचारात पडली तोवर, बेल होऊन गेली होती आणि इंग्रजीचे सर दारात घड्याळ बघत उभे होते.

यावर कुणाला वाटेल की झालं, त्या दिवसापासून मॅडम तयार झाल्या. तसं काही होत नाही. आठवडाभराने त्याच इमारतीत, एसवायच्या वर्गाला समवृत्ती वक्र शिकवले आणि वर्ग डुलक्या घेत होता. सफरचंद आणि संत्र्याच्या जागी बाजरी आणि ज्वारी घातली, तरी डुलक्याच. काही प्रकरणं कोरडीच असतात. ती नीट, पटपट आणि न लाजता शिकवून पुढे जावं, असं माझं मत झालंय. प्रत्येक तास रंगलाच पाहिजे हा हट्ट नव्या शिक्षकाला थकवतो. सरांचेही सगळे तास रंगत नाहीत, हे मी मागच्या बाकावर बसून पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझा धीर जास्त वाढला तो त्यानेच.

त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याची निर्यातच बंद झाली. जानेवारीत मी कॉबवेब सिद्धांत घेतला. निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली त्याला हे नाव दिलं. मागच्या हंगामात भाव चढा असला की शेतकरी जास्त लावतो, सगळ्यांनीच लावल्यामुळे भाव पडतो, मग पुढच्या वेळी कमी लावतो, भाव पुन्हा चढतो. आकृती काढली की कोळ्याचं जाळं दिसतं. कांद्यावर इतका फिट्ट बसणारा सिद्धांत दुसरा नाही, असं मी मोठ्या थाटात म्हणाले. मागून हात वर झाला.

‘मॅडम, असं मागचा भाव बघून नाही लावत. आधी विहिरीला पाणी किती ते बघतात.’

दुसरा म्हणाला, ‘निवडणूक आहे का ते पण बघतात.’

तिसरीचं म्हणणं, ‘उळं (कांद्याचं बी) घरचं असलं तर लावतातच. विकत आणायचं असलं तर विचार करतात.’

वर्षभरापूर्वी अशी वाक्यं आली असती तर माझे कान तापले असते. पुस्तक आणि पोरं यांच्यात पुस्तकाची बाजू सावरणं हेच आपलं काम, असं वाटायचं. या वेळी मी तिन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली आणि सांगितलं की १९६१ साली जॉन मुथ नावाच्या अर्थतज्ज्ञाने याच सिद्धांताला जवळपास हाच आक्षेप घेतला. माणसं फक्त मागच्या भावावर जात नाहीत, हाताशी असलेली सगळी माहिती वापरून अंदाज बांधतात, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे त्यातून अर्थशास्त्राची एक मोठी शाखाच निघाली. तिसऱ्या वाक्यावाली मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आम्ही बरोबर?’ मी म्हटलं, ‘अर्धं. सगळी माहिती वापरूनही पुन्हा सगळे एकदमच का लावतात, ते सांग.’ आणि डस्टर घेतलं. फळा पुसून झाला, बेल झाली, उत्तर आलं नाही. तो प्रश्न तसाच सोडून मी वर्गाबाहेर आले. पहिल्या वर्षी ते मला जमलं नसतं.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर चित्र फार गोड होईल. परीक्षेनंतर उत्तरपत्रिका तपासायला बसले तेव्हा निम्म्याहून जास्त पोरांनी गाईडमधलंच उत्तर लिहिलं होतं, शब्दाला शब्द. हिशोबपट्टी, एसटीचं तिकीट, विहिरीचं पाणी, यातलं काही लिहायला फारसं कुणी धजलं नव्हतं; मोजक्या दोघातिघांनी लिहिलं, तेही शेवटच्या चार ओळींत, जागा उरली म्हणून लिहावं तसं. दोष मी त्यांना देत नाही. पेपर कोण तपासणार हे त्यांना माहीत नसतं आणि गाईडमधलं उत्तर कुणालाही चालतं. वर्गात बोलण्याचा धीर आला तरी पेपरात लिहिण्याचा येत नाही, आणि तो येईल असे प्रश्न आपण काढत नाही.

नव्या प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण नाहीच असं नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. नंतर त्यांचं नाव बदललं, २०२३ पासून ती मालवीय मिशनखाली आली. तिथे नव्यांसाठी महिनाभराचे वर्ग होतात. पण ते वर्ग नोकरीत कायम झालेल्यांना पदोन्नतीसाठी लागतात, म्हणून भरतात. सीएचबीवाल्याला ना पदोन्नती, ना महिनाभराची रजा. तो तासावर आला नाही तर त्याचे पैसे कापले जातात. म्हणजे ज्याला शिकवण्याची सर्वांत जास्त धास्ती, तोच त्या व्यवस्थेच्या बाहेर. आणि आज तालुक्यांच्या कॉलेजांत वर्गांवर उभी असलेली कितीतरी माणसं अशीच आहेत.

म्हणून प्राचार्य आणि विभागप्रमुख मंडळींना एक विनंती. नवा माणूस नेमलात की त्याला वेळापत्रक आणि हजेरीपत्रक देता, त्याबरोबर एखाद्या जुन्या प्राध्यापकाच्या वर्गात मागे बसायची मुभाही द्या. त्याला शासन निर्णय लागत नाही, अनुदान लागत नाही, नॅकच्या फाईलमध्ये नवा रकानाही पाडावा लागत नाही. शाळेत बी.एड.ची मुलं मागे बसून पाठ बघतात, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कॉलेजात मात्र आपल्या तासाला सहकारी येऊन बसला तर तपासणीला आल्यासारखं वाटतं, हे आता सोडायला हवं. आणि सीएचबीवरच्या मित्रमैत्रिणींनो, कुणी बोलावेल याची वाट बघत बसू नका. जाऊन विचारा. जास्तीत जास्त काय, नाही म्हणतील; आमचे सर तर लगेच ‘बसा की’ म्हणाले होते.